खिंडीतल्या आईच्या मिशा

झुंबरबाईला देवाधर्माचं फार वेड होतं असं सागवाडीत कोणी म्हणणार नाही. एकादशी तिच्या कधी लक्षात राहिली नाही, आणि कीर्तनाला बसली की बुवा रंगात येण्याआधी तिचा डोळा लागायचा. पण खिंडीतली आई तिची होती. तिची म्हणजे अगदी घरच्या चुलीसारखी. तिला कोणी नावं ठेवली की झुंबरबाई दोन दिवस त्या माणसाशी बोलत नसे.

घाटाखालून वर येणारी पायवाट डोंगराच्या ज्या फटीतून घाटावर निघते, तिथे निंबाच्या सावलीत आई बसलेली असे. तिची सेवा झुंबरबाईच्या घरात सासूकडून सुनेकडे आलेली. मंगळवारी जागा झाडायची, दिवा लावायचा आणि चैत्र आला की तेलात कालवलेला शेंदूर आईला हातानं चोपडायचा. सासूनं तेच केलं, सासूच्या सासूनंही तेच केलं. एकावर एक थर चढून आई इतकी गुबगुबीत झाली होती, की नाक कुठे आणि हनुवटी कुठे हे सांगणं अवघड होतं. शेंदरात बसवलेले दोन चांदीचे डोळे मात्र टक लावून बघायचे.

घाटावरची पोर घाटाखाली दिली की सासरी जाताना ती या खिंडीत थांबायची. माहेरचं शिवार शेवटचं दिसतं ते इथूनच. मग आईपुढे बसून ती पोटभर रडायची आणि डोळे पुसून खाली उतरायची. पुढे पोटुशी होऊन माहेरी येताना हीच पोर आईची ओटी भरायची. खण, नारळ, गहू, हळकुंड, सुपारी. आई मग तिला आपल्या अंगचा शेंदूर द्यायची, म्हणजे झुंबरबाई नखानं खरवडून तिच्या कपाळाला लावायची. तो लावला की बाळंतपण सुखरूप होतं, यात कोणाला शंका नव्हती. ज्यांची सुखरूप झाली नाहीत त्यांच्याकडून ओटीत काही तरी राहिलं असणार, असं बायका आपसात म्हणायच्या. झुंबरबाईही म्हणायची. जग असंच चालतं.

मग महाराष्ट्र राज्य झालं आणि डोंगरातही रस्ते येऊ लागले. साहेबानं आखलेली चुन्याची रेघ सरळ आईच्या डोक्यावरून गेली. मुकादम म्हणाला, "उचला, नाई तं सुरुंगात जाईन." गावच्या बाप्यांनी पारावर बसून पुष्कळ चर्चा केली. झुंबरबाईचा नवरा पुंजाजी तर चिलीम विझेपर्यंत मान हलवत होता. निष्पन्न काही झालं नाही. देऊळ बांधू म्हणणारे पुष्कळ निघाले, पण दगड आणायला बैलगाडी कोण देणार म्हटल्यावर एकेकाला घरची कामं आठवली.

शेवटी धावून आले भगवंतराव. हे निवृत्त हेडमास्तर. नोकरी संपल्यावर माणसं शेती बघतात, नातवंडं खेळवतात. यांनी दगड गोळा करायला घेतले. सायकल मारत ते डोंगरातली खेडी पालथी घालायचे. कोणाच्या गोठ्याला पायरी म्हणून पालथी घातलेली अप्सरा, कोणी धुणं बडवायला घेतलेला खांबाचा तुकडा, बारवेत बुडालेला गणपती, मूठ नसलेली तलवार, जुन्या काळची पायली, असं जे मिळेल ते त्यांनी देऊळघाटच्या पडक्या सराईतल्या दोन खोल्यांत आणून मांडलं होतं. बाहेर पाटी लावली, 'वस्तुसंग्रहालय'. देखरेखीला बद्रुद्दीन. हा जात्यांना टाकी लावणारा माणूस. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती गप्प झाली, तेव्हा भगवंतरावांनी त्याला दगडांच्याच कामाला लावलं.

"आईला मी नेतो," भगवंतराव झुंबरबाईला म्हणाले. "छपराखाली बसवतो. धक्का लावणार नाही. जशी आहे तशीच राहील."

"वचन देता काय जी?"

"दिलं."

झुंबरबाई बैलगाडीमागून देऊळघाटपर्यंत चालत गेली होती. आईला भिंतीशी बसवलं, तेव्हा तिनंच जागा झाडून दिली.

तेव्हापासून दोन कोस चालून देऊळघाटला जाणं सुरू झालं. आणखी चार बायका येऊ लागल्या, मग आणखी. कोणाच्या हातात नारळ, कोणाच्या पदराखाली दिवा. चपला बाहेर काढून आत जावं असं वस्तुसंग्रहालय जिल्ह्यात दुसरं नसेल. शाळेची पोरं सहलीला आली की त्यांनाही बायका दारातच अडवायच्या, "खेटरं काढा बे, आई बसेल हाय आत." भगवंतराव आतल्या आत हसायचे. बघायला माणसं येतात ना, मग ती हात जोडोत की टिपणं काढोत, असा त्यांचा हिशोब.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. घोर होता तो लेकीचा.

झुंबरबाईची चांगुणा घाटाखाली दिलेली. दोन बाळंतपणं झाली आणि दोन्ही लेकरं हाती लागली नाहीत. एक जन्मतःच गेलं, दुसरं बारशाआधी. पहिल्या खेपेला सासरच्यांनी तिला मोटारीनं लांबच्या वाटेनं आणलं, खिंड लागलीच नाही. दुसऱ्या खेपेला खिंडीत सुरुंगांचं काम चालू, वाट बंद, आणि अवघडलेल्या पोरीला देऊळघाटला आईपुढे नेणं जमलं नाही. दोन्ही वेळा आईची ओटी राहिली. चांगुणानं हे मनाला इतकं लावून घेतलं होतं की बोलायची सोय नव्हती. लेकरांसाठी रडताना तिला कोणी पाहिलं नाही. "म्या चुकली, म्या चुकली," एवढंच ती म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

आता तिसरी खेप. माघ उजाडला होता, दिवस भरत आले होते आणि नर्सबाईनं बजावलं होतं की खाटेवरून उठायचं नाही. चांगुणा माहेरी आली होती, पण जेवण जात नव्हतं, डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"माय, आता तिसऱ्यांदा राह्यली तं हेही जाईन," ती म्हणाली.

"राह्यते कशी? म्या जातो ना. तुह्या नावानं भरतो."

"शेंदूर आणजो. कपाळाले लावते, पोटाले लावते. मंग मले झोप येईन."

झुंबरबाई सकाळीच निघाली. नवा हिरवा खण, नारळ, ओंजळ-दोन ओंजळ गहू, सगळं फडक्यात बांधलेलं. रानात ज्वारी सोंगून पडली होती, ओळखीच्या बाया हाका मारत होत्या, पण ती कुठे थांबली नाही.

सराईच्या दारात बद्रुद्दीन बसला होता. तिला पाहून तो असा उठला, जसा चोरी करताना धरलेला माणूस उठतो.

"या बाई, बसा. चहा सांगतो."

"चहा मागून. आधी ओटी भरतो."

"उन्हातून आल्या, पानी तं घ्या."

"बद्रुभाई, तुमी मले आत जाऊ काऊन नाई देऊन राह्यले?"

बद्रुद्दीननं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "मास्तर येतीन इतक्यात. त्यायलेच विचारा."

झुंबरबाईनं त्याला बाजूला सारलं आणि ती आत गेली.

आईच्या जागेवर एक बाप्या उभा होता.

काळ्या दगडाचा, धुतलेला, लखलखीत. उजव्या हातात तलवार, डाव्या हातात ढाल, कमरेला करकचून शेला. पायाशी बोटाएवढ्या दोन गाई. आणि नाकाखाली, दोन्ही बाजूंनी पीळ दिलेल्या, चांगल्या भरघोस मिशा.

झुंबरबाईचा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि तिनं पदर पुढे ओढून घेतला. परक्या पुरुषापुढे कुठलीही बाई घेईल तसा. मग तिच्या ध्यानात आलं की आपण कोणापुढे पदर घेतला. ती मटकन खाली बसली.

"आई कुठी हाय?" तिनं विचारलं.

बद्रुद्दीन दारातूनच बोलला, "हेच हाय बाई ते. परवा शेंदराखाली हे निंघालं."

एवढ्यात भगवंतराव आले. तिला पाहून त्यांच्या तोंडाचं पाणी पळालं. झुंबरबाई वर न बघता म्हणाली, "तुमी म्हणलं होतं धक्का लावणार नाई."

"म्हटलं होतं."

"मंग?"

भगवंतरावांना सांगता आली असती अशी कारणं खूप होती. दगडाला ओल लागत होती, तेलावर मुंग्या येत होत्या. पण माणूस सरळ होता. "शेंदूर तडकला होता," ते म्हणाले. "एक खपली पडली, आत कोरीव काम दिसलं. मला वाटलं, वरून इतकी साजरी आहे तर आतली आई किती सुंदर असेल. मोह झाला, झुंबरबाई. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. चुकलो."

त्यांनी मेजाच्या खणातून कागदाची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. आत ते दोन चांदीचे डोळे होते. तळहातावर नुसते डोळे. झुंबरबाईला ते बघवले नाहीत.

"हे ठेवा तुमच्याजवळ. डोळे नेऊन पोरीले काय दाखवू? शेंदूर कुठी हाय?"

"उकिरड्यावर नाई टाकला बाई," बद्रुद्दीन घाईनं म्हणाला. "माह्यी हिंमत नाई झाली. टोपलीत भरून पैनगंगेत सोडला. तुमच्यात थंडं करतेत ना देवाले, तसं."

त्यानं आपल्या परीनं योग्य तेच केलं होतं, आणि म्हणूनच आता चिमूटभरही उरला नव्हता.

तेव्हा झुंबरबाई रडली. चांगुणा खाटेवर पडून वाट बघत होती आणि इथे ना आई होती, ना शेंदूर. ओटी कोणाची भरणार? बाप्याला काय ओटी असते? भगवंतराव तिच्याजवळ जमिनीवरच बसले, धोतर मळेल याचीही त्यांना शुद्ध नव्हती. बद्रुद्दीन हळूच म्हणाला, "बाई, बजारातून शेंदराची पुडी घेऊन जा. पोरीले काय समजते?"

झुंबरबाईनं क्षणभर तेही मनात आणलं. दुकान चार पावलांवर होतं. पण याच लेकीला तिनं लहानपणी खोटं बोलली म्हणून उपाशी झोपवलं होतं. आणि उद्या या खेपेलाही काही झालं, तर त्या पुडीचं ओझं घेऊन आपण कसं जगणार?

"कोण हाय हा?" तिनं शेवटी दगडाकडे मान करून विचारलं.

"वीरगळ म्हणतात याला," भगवंतराव म्हणाले. "लढताना मेलेल्या माणसाचा दगड. नाव नाही. सातशे वर्षांपूर्वीचा तरी असेल. खिंडीतून लुटारू आले असतील, गावची गुरं हाकून न्यायला. हा आडवा उभा राहिला. गुरं वाचली, हा मेला. मग गावानं तिथेच त्याचा दगड उभा केला."

"एकटाच?"

"दगडावर तर एकटाच आहे."

झुंबरबाई त्या मिशांकडे बघत राहिली. आता तिला राग आला, तोही मिशांचाच. "मुडद्या," ती दगडाला म्हणाली, "इतके वर्स बाया तुह्यापाशी काय काय बोलल्या! पोटातलं, अंगावरचं, नवऱ्याचं, सासूचं. तुले एकदा खाकरता नाई आलं?"

बद्रुद्दीननं तोंड फिरवलं. भगवंतराव मात्र हसले नाहीत.

ती बोलत सुटली आणि बोलता बोलता तिला तिचं स्वतःचं आठवलं. तिचं माहेरही घाटाखालचं. ती उलट्या वाटेनं वर आलेली. पाठचा-पुढचा भाऊ नाही. पहिल्या बाळंतपणाला इतर सुनांना न्यायला भाऊ आले, मुराळी म्हणून, फेटे बांधून. हिला न्यायला म्हातारा बाप आला, तोही धापा टाकत. खिंडीत बाप विसावला आणि हिनं आईच्या गळ्यात पडून सांगितलं होतं, मले बी कोणी असतं तं बरं झालं असतं. त्या दिवशी तिथे कोणीतरी ऐकतंय, असं तिला अगदी खरं वाटलं होतं. ते खोटं होतं असं आज कसं म्हणायचं? ऐकणारा होताच. खिंडीत उभा, हातात तलवार, गावच्या येणाऱ्या-जाणाऱ्या लेकींवर नजर ठेवून. गावासाठी मेलेला गावचाच पोरगा.

झुंबरबाईचं रडणं थांबलं. तिनं डोक्यावरचा पदर हळूच मागे सरकवून खांद्यावर टाकला. माहेरी, भावापुढे, कोण डोकं झाकून बसतं?

"हा आई नोहे," ती म्हणाली. "हा भाऊ हाय."

भगवंतरावांना काही कळेना. तिनं फडकं सोडलं. गहू, खण, नारळ, हळकुंड, सगळं काढून त्या वीराच्या पायाशी, गाईंच्या पुढ्यात ठेवलं. मग उठून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पदर पसरला.

"गुरुजी, उचला ते आन् माह्या पदरात घाला."

"मी?"

"त्याचे हात दगडाचे हायेत. तुमी त्याच्या तर्फे घाला. भावाची ओटी नाई भरत. भाऊच बहिणीच्या लेकीची ओटी भरते. मामा हाय तो तिचा."

भगवंतरावांनी आयुष्यात कोणाची ओटी भरली नव्हती. घरी ती बायकांची कामं. त्यांनी एका हातानं नारळ उचलला.

"दोनी हातानं, जी!"

मग त्यांनी दोन्ही हातांनी घातलं. थोडे गहू खाली सांडले, ते बद्रुद्दीननं एकेक करून वेचून तिच्या पदरात टाकले. झुंबरबाईनं पदराला घट्ट गाठ मारली आणि निघाली. जाताना दगडाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "येतो रे भाऊ." 'वस्तूंना हात लावू नये' अशी पाटी शेजारीच होती. भगवंतरावांनी त्या पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

वाटभर ती बरी होती. घर दिसू लागलं तशी ती रेंगाळू लागली. सराईत उभं राहून बोलणं सोपं असतं. खाटेवर पडलेल्या पोरीच्या तोंडाकडे बघून बोलायचं म्हणजे काळीज लागतं.

चांगुणा दाराकडेच बघत होती. "भरली ओटी?"

झुंबरबाई खाटेच्या काठावर बसली.

"शेंदूर आणला?"

"नाई."

चांगुणाचा चेहरा पांढरा पडला. झुंबरबाईनं तिचा हात धरला आणि काहीही न झाकता सगळं सांगितलं. धुतलेला दगड, मिशा, तलवार, गाई, पैनगंगेत सोडलेला शेंदूर. चांगुणा ऐकत होती, पण डोळ्यांत भीती मावत नव्हती.

"म्हंजे आई गेली?"

"आई नव्हतीच व तिथी. कधीच नव्हती. भाऊ होता. गावासाठी मेला आन् तिथीच उभा राह्यला. आपुन बाया त्याले आई म्हणलं, त्यानं ऐकून घेतलं." तिनं पदराची गाठ सोडली आणि गहू, हळकुंड, नारळ, खण, सगळं चांगुणाच्या ओटीत घातलं. "हे तुह्या मामानं देलं."

चांगुणानं खणावरून हात फिरवला. मग खाली मान घालून तिनं विचारलं, "मंग तो ओटी मांगत नव्हता?"

"भाऊ मांगते काय व ओटी?"

"आन् राह्यली तं?"

"तं काय? बहीण भुकी गेली, तहानी गेली, एवढंच त्याच्या जिवाले लागलं असन."

"रागावला नसन?"

"काऊन रागावीन?"

चांगुणानं मान वर केली. "मंग माय, माह्ये ते दोघं..."

"तुह्या चुकीनं नाई गेले, बाई," झुंबरबाई म्हणाली. हे आधीच, दोन वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं, हे तिला त्याच क्षणी कळलं. "कोणाच्याच चुकीनं नाई गेले."

चांगुणानं खण तोंडाला लावला आणि तिनं हंबरडा फोडला. पुंजाजी अंगणातून धावत आला, शेजारच्या बाया दारात गोळा झाल्या, असं रडू नको, पोटातल्याला त्रास होईल, म्हणू लागल्या. झुंबरबाईनं हात करून सगळ्यांना मागे थोपवलं. एका लेकराला चांगुणानं नाव योजून ठेवलं होतं, दुसऱ्याच्या जावळाचा वास तिला आठवत होता. हुंदक्याहुंदक्यातून ती ते सगळं सांगत होती, आजवर कोणालाही न सांगितलेलं. झुंबरबाईनं तिला गप्प केलं नाही.